वाचकांचे प्रश्न : तोरेबाज एकशिंगी आणि त्याचे नामांकन

गेल्या अंकात याच सदरात परभणी जिल्ह्यातील सेलू येथील एका शिक्षिकाबाईंचे पत्र प्रसिद्ध झाले होते. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी त्यांनी लिहिलेल्या वीस मिनिटांच्या नाटुकलीचे कथानक त्यात होते. ते छापून आल्यापासून या एकाच विषयावर इतकी पत्रे आली की, या वेळचे सदर त्यालाच द्यावे लागत आहे. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात असे : जंगलातील प्राणी दर वर्षी 'वनभूषण' नावाचा पुरस्कार देतात. या वर्षी सुगरण, मधमाशी, कासव आणि एकशिंगी घोडा अशा चौघांची नामांकने जाहीर होतात. एकशिंगीला आपल्या रूपाचा तोरा आधीपासूनच असतो. नामांकन कळताच तो शालीसाठी खांद्याचे माप देऊन येतो, तळ्याकाठी उभा राहून पाण्यातील स्वतःच्या प्रतिबिंबापुढे आभाराच्या भाषणाची तालीम करतो आणि कोणी पाणी प्यायला आले की, प्रतिबिंब मोडते म्हणून त्याला हाकलून लावतो. पुरस्कार सुगरणीला मिळतो. संतापलेला एकशिंगी वडाच्या खोडाला धडक देतो, त्याचे शिंग मोडते, सगळे प्राणी हसतात आणि पडदा पडतो.

(खोपा विणण्याचे बहुतेक काम सुगरणीचा नर करतो, हे कळवणारी तीन पत्रे आली आहेत. म्हणणे खरे आहे. तो वाद पुन्हा केव्हातरी.)

प्रश्न : तालमीत सगळ्या प्रसंगांना मुले खळखळून हसतात, पण शेवटी शिंग मोडले की, पाहणारा सगळा वर्ग गप्प होतो. गर्वाचे घर खाली, हे त्यांना समजत नाही असे नाही. मग दोष कोठे आहे? शेवट बदलावा काय?
— एक शिक्षिका, सेलू

उत्तर : बाई, शेवट बदलावा, आणि तो का बदलावा हे आपल्या मुलांनी गप्प राहून आपल्याला सांगितलेलेच आहे. ज्या मुलाने शिंग केवळ चित्रात पाहिले आहे त्याला ते डोक्यावर चिकटवलेल्या शोभेच्या शंकूसारखे वाटते, आणि तो शंकू पडला तर त्याला हसूही येईल. आपल्या वर्गातील मुलांच्या घरी किंवा शेजारच्या दावणीला शिंगाचे जनावर बांधलेले असते. गाय-बैलाच्या शिंगाचे जे कठीण कवच बाहेरून दिसते त्याच्या आत कवटीपासून निघालेले जिवंत हाड असते, त्यात रक्तवाहिन्या असतात, आणि जनावर मोठे होते तसे ते हाड आतून पोकळ होऊन कपाळातील पोकळीशी जोडले जाते. म्हणूनच शिंग मुळापासून मोडले की, कित्येकदा जनावराच्या नाकातूनही रक्त येते. जखमेवर माशा बसतात, अळ्या पडतात, बाजारात त्या बैलाची किंमत उतरते आणि जोडी बिघडते ती वेगळीच. हे सगळे ज्याने पाहिले आहे तो मुलगा मोडलेल्या शिंगाला हसणार नाही.

येथे थोडे स्वतःचे सांगतो. माझे बालपण कंधारकडच्या एका खेड्यात गेले. आमच्याकडे लाल कंधारी बैलांची एक जोडी होती, आणि त्यांपैकी उजव्या बाजूच्या बैलाचे एक शिंग गोठ्याच्या दारात अडकून मोडले, तेही पोळ्याला महिना उरलेला असताना. जखम भरली, परंतु पोळ्याच्या दिवशी वडिलांनी दोन्ही बैल धुऊन आणले तेव्हा प्रश्न पडला तो शिंगांचा. हिंगूळ चार शिंगांचा कालवला होता, बेगडाच्या पट्ट्या आणि पितळी शेंब्याही चार शिंगांच्या होत्या. मी त्या एका शिंगाला हिंगूळ लावत असताना बैल मान खाली घालून उभा होता, आणि मोडलेल्या बाजूच्या खुंटाला वडिलांनी नुसते तेल चोळले. उरलेली शेंबी त्यांनी कोनाड्यात ठेवून दिली, ती पुढे कितीतरी वर्षे तेथेच होती. मिरवणुकीत तो बैल झूल, घुंगरमाळ आणि एक रंगवलेले शिंग घेऊन चालला, आणि माझी खात्री आहे की, त्या दिवशी त्याचाही तोरा कमी नव्हता. एकशिंगी म्हटले की, विलायती पांढऱ्या घोड्याच्या आधी मला तो बैल आठवतो. आपल्या वर्गातही असे आठवणारा एखादा मुलगा असणारच.

आता कथानकाकडे येऊ. आपला एकशिंगी रूपाचा अभिमान बाळगतो, हा त्याचा अपराध नाही. पोळ्याला आपणच जनावरांना नटवतो आणि मिरवतो. त्याचा अपराध तळ्यावर आहे. त्याने प्रतिबिंबासाठी पाणी अडवले आहे, आणि उन्हाळ्यात टँकरच्या मागे घागर घेऊन धावलेल्या मुलांना तो अपराध कोणी समजावून सांगावा लागत नाही. असे असूनही आपल्या नाटुकलीत त्या पाण्याचे पुढे काहीच होत नाही, पुरस्कार मात्र सविस्तर जाहीर होतो. इथेच घोडे पेंड खाते आहे. प्रेक्षक तहानलेल्या प्राण्यांची वाट पाहत बसतात आणि लेखिका वडाच्या झाडाकडे निघून जाते.

योगायोग असा की, एकशिंगी आणि पाणी यांचे नाते आपण जोडण्याच्या फार आधी जोडले गेलेले आहे. युरोपातील जुन्या प्राणिकथांत असे सांगितले जात असे की, साप पाणवठ्यावर येऊन पाण्यात विष सोडतो. मग सगळे प्राणी काठावर ताटकळत उभे राहतात, एकशिंगी येतो, आपले शिंग पाण्यात बुडवतो, विष उतरते आणि त्यानंतर सगळे पाणी पितात. म्हणजे ज्या प्राण्याची काठावर वाट पाहिली जात होती तोच आपल्या नाटुकलीत काठावरून इतरांना हाकलतो आहे. आपण ही कथा नकळत उलटी केलीत आणि ती उलटी केल्यामुळेच तिच्यात गंमत आली. माझी सूचना एवढीच की, पुरस्कार कोणालाही द्या, परंतु शेवटचा प्रसंग तळ्यावर घ्या. निकाल ऐकून एकशिंगी तळ्यावर येतो, काठाशी सगळे प्राणी पाणी पीत आहेत, पाणी हलते आहे, त्याला आपले रूप कोठेच दिसत नाही. मग तो काय करतो, हे मुलांनाच विचारून पाहा. तालमीत त्यांना जे सुचेल ते माझ्या आणि आपल्या कल्पनेपेक्षा बरे असण्याची शक्यता आहे. शिंग मात्र शाबूत ठेवा.

प्रश्न : आपल्या भूमीत मोर, हत्ती, नंदी असे एकाहून एक प्राणी असताना मुलांच्या डोक्यात हा विलायती एकशिंगी घोडा कशाला घालायचा? आपल्याकडे प्राण्यांचा काय दुष्काळ पडला आहे?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, अंबाजोगाई

उत्तर : गुरुजी, आपला राग दप्तरांवर आणि वाढदिवसाच्या केकांवर असेल तर मी आपल्या बाजूने आहे. गुलाबी आयाळ आणि इंद्रधनुषी शेपूट लावलेला तो प्राणी दुकानातूनच आपल्या घरात आला, यात वाद नाही. सत्तेच्या मार्गाने तो मराठवाड्यात फारसा आलाही नव्हता. ब्रिटिश राजचिन्हात एका बाजूला सिंह आणि दुसऱ्या बाजूला साखळीने बांधलेला एकशिंगी असतो. तो स्कॉटलंडचा प्राणी होय. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर आला तेव्हा त्याच्यासोबत हा प्राणी इंग्रजी राजचिन्हात शिरला. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो, आपल्या आजोबांच्या हातातील हाली शिक्क्यावर, म्हणजे निजामी नाण्यावर, चारमिनार होता, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत त्या काळी जो एकशिंगी दिसत असे तो औरंगाबादच्या कचेरीत दिसत नसे.

परंतु 'विलायती' हा शब्द मला मान्य करता येत नाही. या प्राण्याचे पाश्चात्त्य साहित्यातील सर्वांत जुने सविस्तर वर्णन जेथून येते तेथे त्याचा पत्ता हिंदुस्थान असाच दिलेला आहे. इ. स. पूर्व ४००च्या सुमारास इराणच्या दरबारात टीसियस नावाचा ग्रीक वैद्य होता. तो स्वतः भारतात कधी आला नाही; दरबारात येणाऱ्या लोकांकडून ऐकून त्याने भारताविषयी ग्रंथ लिहिला आणि त्यात सांगितले की, भारतात घोड्याएवढी रानगाढवे असतात, त्यांचे अंग पांढरे, डोके तांबडे, डोळे निळे, आणि कपाळावर सुमारे दीड हात लांबीचे एकच शिंग असते. त्या शिंगाच्या पेल्यातून पिणाऱ्याला विष बाधत नाही, असेही तो सांगतो. हे वर्णन बऱ्याच अंशी गेंड्याच्या ऐकीव माहितीवरून आले असावे, असे अभ्यासक मानतात. मला त्यातील एक तपशील फार आवडतो : ते शिंग बुडाशी पांढरे, मध्ये काळे आणि टोकाला लालभडक असते, असे त्याने लिहिले आहे. गेंड्याचे शिंग असे तिरंगी नसते. पोळ्याचा बैल मात्र असा असू शकतो. रंगवलेल्या शिंगांचे जनावर कोणी व्यापाऱ्याने पाहिले आणि ते सांगत सांगत इराणला पोहोचले, असे म्हणायला माझ्याजवळ पुरावा काही नाही; हिंगूळ लावलेल्या हाताला सुचलेली ती कल्पना आहे.

याच्याही कितीतरी आधी, सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर सर्वाधिक वेळा कोरलेला प्राणी एका शिंगाचाच आहे. त्याचे अंग बैलासारखे, गळ्याशी वळ्या, आणि पुढ्यात एक उभे पात्र किंवा घडवंची ठेवलेली. बाजूने पाहिल्यामुळे बैलाची दोन शिंगे एकावर एक येऊन एकच दिसते, असे काहींचे म्हणणे आहे. परंतु त्याच मुद्रांवर इतर बैल बाजूनेच कोरलेले असूनही त्यांना दोन शिंगे आहेत, आणि एका शिंगाच्या मातीच्या लहान मूर्तीही उत्खननात मिळाल्या आहेत. त्या संस्कृतीचा शेवटचा काळ आपल्या गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत येऊन पोहोचला होता. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये काशाच्या चार जड वस्तू सापडल्या, त्यांत हत्ती, रेडा आणि रथ यांच्या जोडीला एक गेंडाही आहे. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी-वर्णनात पैठण आणि तेर या आपल्या गावांची नावे येतात. येथला माल बैलगाड्यांनी भडोचला जात होता आणि तेथून समुद्रापार. माल जातो तेथे गोष्टीही जातात.

आणि गुरुजी, एक गोष्ट आपण कदाचित वर्गात सांगितलीही असेल. महाभारताच्या वनपर्वातील ऋष्यशृंग हरिणीच्या पोटी जन्मला, म्हणून त्याच्या डोक्यावर शिंग होते. रानात वडिलांजवळ वाढलेल्या त्या मुलाने कधी स्त्री पाहिलेली नव्हती. अंगदेशात दुष्काळ पडला तेव्हा लोमपाद राजाने गणिका पाठवून त्याला भुलवून राज्यात आणवले, आणि त्याने राज्यात पाऊल ठेवताच पाऊस पडला. बौद्ध परंपरेत हीच कथा 'एकशृंग' या नावानेही येते. रानटी एकशिंगी कोणाच्या हाती लागत नाही, मात्र एखादी तरुणी समोर बसली की, तो आपण होऊन तिच्याजवळ येतो, ही युरोपातील कथा आपल्या या कथेवरून निघाली असावी, असे म्हणणारे विद्वान आहेत. त्यामुळे दुष्काळी मराठवाड्यातील एका शाळेने एकशिंगीला तळ्यावर आणून उभे केले असेल, तर मला त्यात परके असे काही दिसत नाही.

प्रश्न : 'नामांकन' हा शब्द मराठी आहे काय? निवडणुकीत आपण 'नामनिर्देशनपत्र' म्हणतो. पुरस्काराला 'नामांकन' का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : निवडणुकीच्या कागदावर 'नामनिर्देशनपत्र' असते, गावात मात्र सगळे 'फॉर्म भरला' असेच म्हणतात. पुरस्कारांच्या बाबतीत 'नामांकन' हा शब्द हिंदीच्या आणि दूरचित्रवाणीच्या वाटेने रुळला, आणि तो रुळल्यामुळे एक गंमत झाली आहे. मराठीत 'नामांकित' हा शब्द पूर्वीपासून आहे आणि त्याचा अर्थ प्रसिद्ध, ख्यातनाम असा आहे; 'नामांकित वकील' म्हणजे ज्याचे नाव कोणी सुचवले आहे तो वकील नव्हे. आता 'नामांकन' झालेल्याला 'नामांकित' म्हणायचे की नाही? सेलूच्या नाटुकलीतील एकशिंगीचा सगळा घोटाळा या एका शब्दात बसवता येईल. घुबडाने येऊन सांगावे, 'आपले नामांकन झाले आहे,' आणि एकशिंगीने ऐकावे, 'मी नामांकित झालो.' बाईंनी हा संवाद हवा असल्यास घ्यावा, आमची हरकत नाही.

नाव सुचवले जाणे आणि पुरस्कार मिळणे यांत किती अंतर असू शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण महात्मा गांधींचे आहे. शांततेच्या नोबेल पुरस्कारासाठी त्यांचे नाव १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि १९४८ अशा पाच वर्षी सुचवले गेले आणि तो पुरस्कार त्यांना कधीच मिळाला नाही. त्यांची हत्या झाली त्या १९४८ साली, योग्य असा हयात उमेदवार नाही, असे सांगून समितीने तो कोणालाच दिला नाही. शिवाय नोबेलच्या नियमानुसार कोणाकोणाची नावे आली होती हे पन्नास वर्षे गुप्त ठेवले जाते. असा नियम जंगलात असता, तर एकशिंगीला तोरा मिरवायला निमित्तच उरले नसते, आणि नाटुकलीही उरली नसती.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. 'पुरस्कार' या शब्दाचा मूळ अर्थ 'पुढे करणे' असा आहे. आपण एखाद्या मताचा पुरस्कार करतो, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते म्हणतो, तेव्हा तोच जुना अर्थ वापरत असतो. कोणाचे नाव चारचौघांत पुढे करणे, हाच शब्दाच्या दृष्टीने पुरस्कार. शब्दकोश उघडून बसले तर, नाव सुचवले म्हणजे पुरस्कार झालाच, असे एकशिंगीला म्हणता येईल. शाल मिळणार नाही एवढेच.

प्रश्न : नाटुकलीतील घोड्याला 'तोरेबाज' म्हणावे, 'माजलेला' म्हणावे, की 'गर्विष्ठ'?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : 'माज' हा शब्द मूळचा जनावरांचाच आहे, गाय माजावर येते, पण माणसाला लावला की, त्यात पैशाची नाहीतर सत्तेची धग येते. 'गर्विष्ठ' हा पाठ्यपुस्तकातील राक्षस. 'मिजास' आपल्याकडे उर्दूच्या सहवासाने पक्की मुरलेली आहे, आणि ती स्वभावाची असते. तळ्यात तोंड पाहणाऱ्या घोड्याला 'तोरा'च शोभतो, कारण तोरा पाहणारे कोणी असावे लागते, निदान पाण्यात तरी. संवादात 'लईच ऐट हाय बाबा याची' असे एखाद्या माकडाने म्हटले, तर परभणीकडच्या प्रेक्षकांना शब्दकोशाची गरज पडणार नाही.

प्रश्न : मी गेली तीस वर्षे कविता लिहीत आहे. माझे नाव पुरस्कारासाठी कोणी सुचवत नाही. स्वतःचे नाव स्वतः पाठवणे हा एकशिंगीपणा ठरेल काय?
— एक कवी, उदगीर

उत्तर : नियमाच्या दृष्टीने पाहिले तर उत्तर पुरस्कारागणिक बदलते. नोबेलसाठी स्वतःचे नाव स्वतः पाठवले तर ते विचारातच घेतले जात नाही. पद्म पुरस्कारांसाठी मात्र कोणाही नागरिकाला शिफारस करता येते आणि स्वतःचे नावही पाठवता येते. ती प्रक्रिया आता संकेतस्थळावरून होते. आपल्याकडच्या बहुतेक वाङ्मयीन पुरस्कारांना लेखक किंवा प्रकाशक यांनी पुस्तकाच्या प्रती आणि परिचय पाठवावाच लागतो. प्रती पाठवल्याशिवाय परीक्षकांनी पुस्तक वाचावे, ही अपेक्षा अधिक अहंकाराची आहे. तेव्हा प्रती अवश्य पाठवाव्यात.

आपल्या प्रश्नामागे जो संकोच आहे त्याविषयी मात्र दोन शब्द लिहितो. मार्गशीर्षाच्या अखेरीस लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे, पशुप्रदर्शनही असते आणि उत्तम जनावरांना बक्षिसे दिली जातात. मी एकदा तेथे एका नुकऱ्या घोड्याजवळ बराच वेळ उभा होतो. पांढरेशुभ्र अंग, कानांच्या आत गुलाबी कातडी, आयाळीत लाल गोंडे. मालकाने पहाटेच्या थंडीत ओल्या पोत्याने त्याला घासून काढले होते आणि घोडा मान वाकवून असा उभा होता की, यात्रा त्याच्यासाठीच भरली आहे. मग तपासणारे गृहस्थ आले. त्यांनी गोंड्यांकडे पाहिलेही नाही. आधी अंगावरचे भोवरे पाहिले, मग एका हाताने खालचा जबडा धरला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ उचलला आणि दात मोजले. त्या क्षणी तो देखणा घोडा फार केविलवाणा दिसत होता. ओठ वर गेलेला, डोळे पांढरे झालेले. पाहणी संपताच त्याने एकदा फुरफुर केली आणि पुन्हा तशीच मान वाकवली. नाव पुढे केले की, ओठ उचलला जातो. प्रती पाठवताना एवढी तयारी ठेवावी. शालीचे माप आधी देऊ नये, कारण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो आणि एकशिंगीच्या तर कपाळावर जागाच उरलेली नाही.

बक्षीस मिळाले तरी तोऱ्याला सरकारी आळाही आहे, हे जाता जाता सांगतो. पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, ते नावाच्या आधी किंवा नंतर जोडता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले आहे. निमंत्रणपत्रिका छापणाऱ्यांनी तो निकाल वाचलेला दिसत नाही.

प्रश्न : वृत्तपत्रांत कंपन्यांना 'युनिकॉर्न' म्हणतात, त्याचा या घोड्याशी काय संबंध?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : युनिकॉर्न म्हणजे इंग्रजीतला हाच एकशिंगी. शेअर बाजारात न उतरलेल्या ज्या नव्या कंपनीचे मूल्य १०० कोटी डॉलरच्या वर लावले जाते तिला हे नाव आहे. एलीन ली या अमेरिकी गुंतवणूकदार बाईंनी ते २०१३ मध्ये वापरले, कारण अशा कंपन्या तेव्हा विरळा होत्या. आता त्या इतक्या झाल्या आहेत की, कळपच म्हणावा. आपल्या जुन्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कशास्त्रात, जे मुळात नाहीच त्याचे उदाहरण द्यायला 'शशशृंग' म्हणजे सशाचे शिंग हा शब्द वापरतात. काही कंपन्यांच्या ताळेबंदाला तो अधिक लागू पडेल.

प्रश्न : माझे एकशिंगीचे काम आहे. बाईंनी शेवट बदलला. आता मी पाण्यात पाहतो आणि मग बाजूला सरकतो आणि कासवाला जागा देतो. पण शिंग पुठ्ठ्याचे आहे आणि मी खाली वाकलो की ते नाकावर येते आणि सगळे हसतात. आणि सुगरणीला शाल देतात तेव्हा मी टाळ्या वाजवायच्या का?
— इयत्ता सहावी, सेलू

उत्तर : पुठ्ठा जड होतो. घरी ज्वारीचा कडबा असेल तर त्यातील वाळलेले, हलके ताट निवड, वीतभर तुकडा काप, त्याच्याभोवती पातळ कागद गुंडाळून टोकाला निमुळता कर आणि त्यावर सोनेरी बेगडाची पट्टी तिरकी तिरकी गुंडाळत वर ने. चित्रांतील एकशिंगीचे शिंग पिळाचे असते, तुझेही याचमुळे तसेच दिसेल. तो पीळ खरे तर उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातील नारव्हाल नावाच्या देवमाशाच्या सुळ्याचा आहे. युरोपात तो सुळा एकशिंगीचे शिंग म्हणून सोन्याच्या भावाने विकत असत. शिंगाचे बूड एका रुंद कापडी पट्टीवर शिवून घे आणि ती पट्टी कपाळावरून मागे नेऊन, बाशिंग बांधतात तशी, डोक्यामागे गाठ मारून बांध. पट्टीच्या आत कापूस घातला तर खाजणार नाही.

टाळ्या वाजवायच्या. पण सगळ्यांच्या बरोबर लगेच वाजवू नकोस. आधी शालीकडे पाहा, मग स्वतःच्या खांद्याकडे पाहा, मग वाजव. आणि इतके करूनही शिंग नाकावर आलेच, तर ते सरळ करायला हात वर नेऊ नकोस, तसाच टाळ्या वाजवत राहा.